नैनितालमध्ये जन्मलेला, लष्करानं घरी बसवलेला जनरल आणि त्याचे विचित्र रणगाडे

साल १९४०. इंग्लंडमधलं चिपिंग कॅम्पडेन नावाचं छोटंसं गाव.

फ्रान्स पडलाय. डंकर्कहून ब्रिटिश सैन्य तोफा, ट्रक, रणगाडे तिथंच टाकून कसंबसं परत आलंय. जर्मन आता कधीही समुद्र ओलांडून येतील, या भीतीनं गावोगावी होम गार्डच्या तुकड्या उभ्या राहतायत. शेतकरी, दुकानदार, सतरा वर्षांची पोरं, निवृत्त म्हातारे, जो येईल त्याला घ्यायचं, अशी परिस्थिती.

या गावच्या तुकडीत पंचावन्न वर्षांचा एक गडी लान्स कॉर्पोरल म्हणून दाखल झाला. लान्स कॉर्पोरल म्हणजे आपल्याकडचा लान्स नाईक. साध्या शिपायाच्या वरची पहिली पायरी.

विषय असा होता की, हा लान्स कॉर्पोरल काही महिन्यांपूर्वीपर्यंत ब्रिटिश लष्करात मेजर जनरल होता. इजिप्तच्या वाळवंटात त्यानं एक अख्खी चिलखती डिव्हिजन शून्यातून उभी केली होती. रणगाड्यांचं युद्ध कसं लढायचं, हे त्याच्याइतकं कळणारी माणसं ब्रिटनमध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. आणि देशाला रणगाड्यांच्या जाणकारांची सगळ्यात जास्त गरज असताना हा माणूस गावाच्या वेशीवर पहारा देत होता.

त्याचं नाव पर्सी हॉबार्ट. सैन्यात सगळे त्याला हॉबो म्हणायचे.

चारच वर्षांत, ६ जून १९४४ ला, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर जे सगळ्यात विचित्र दिसणारे रणगाडे उतरले, ते याच माणसाच्या डिव्हिजनचे होते. मधल्या काळात काय झालं, ते समजून घ्यायचं तर सुरुवात भारतातून करावी लागते.

नैनिताल, रुरकी, क्वेट्टा

हॉबार्टचा जन्म १४ जून १८८५ चा, नैनितालचा. वडील इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये अधिकारी, आई आयर्लंडमधली. शिक्षण इंग्लंडमध्ये झालं. १९०४ मध्ये वुलिचच्या मिलिटरी अकॅडमीतून तो रॉयल इंजिनिअर्समध्ये अधिकारी झाला आणि १९०६ मध्ये पुन्हा भारतात आला. नेमणूक मिळाली रुरकीच्या बेंगॉल सॅपर्स अँड मायनर्समध्ये.

सॅपर म्हणजे काय, हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको. खडकीला बॉम्बे सॅपर्सचं केंद्र आहे. रुरकीचे बेंगॉल सॅपर्स हे त्यांचेच भाऊबंद. पूल बांधायचे, रस्ते काढायचे, तटबंदी सुरुंग लावून उडवायची, शत्रूनं पेरलेले सुरुंग काढायचे, ही यांची कामं. आणि ही सगळी कामं बऱ्याचदा समोरून गोळ्या येत असतानाच करायची असतात. सॅपरच्या एका हातात हत्यार असलं, तरी दुसऱ्या हातात फावडं असतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

१९०८ मध्ये वायव्य सरहद्दीवरच्या मोहमंद मोहिमेत तो होता. पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर भारतीय सैन्याबरोबर फ्रान्सला गेला. मार्च १९१५ मध्ये न्यूव्ह शापेलला जी लढाई झाली, त्यात भारतीय कोअरनं मोठी किंमत मोजली. हॉबार्टला तिथंच मिलिटरी क्रॉस मिळाला. पुढच्या वर्षी तो मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेला. याच आघाडीवर मराठा पलटणीही लढत होत्या. ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री तर एप्रिल १९१६ मध्ये कूतच्या वेढ्यात उपासमार सोसून शेवटी तुर्कांच्या कैदेत गेली.

मार्च १९१८ मध्ये हॉबार्टही कैदेत गेला. टेहळणीसाठी विमानातून गेला असताना विमान पाडलं गेलं आणि तो तुर्कांच्या तावडीत सापडला. पण ब्रिटिशांच्या चिलखती मोटारी वाळवंटातून पाठलाग करत गेल्या आणि त्याला सोडवून घेऊन आल्या. या एका प्रसंगानं त्याला चिलखती गाड्यांचं वेड लागलं, असं म्हणणं जरा फिल्मी होईल. पण घोडदळाला जे जमलं नसतं, ते इंजिन आणि पोलाद काय करू शकतं, हे त्यानं स्वतःच्या अंगावर अनुभवलं होतं, हे नक्की.

१९२३ मध्ये त्यानं एक निर्णय घेतला. रॉयल इंजिनिअर्ससारखी मानाची शाखा सोडून तो टँक कोअरमध्ये गेला. तेव्हाच्या हिशेबानं हा वेडेपणा होता. महायुद्ध संपलेलं, सरकारकडे पैसे नाहीत आणि वरचे बहुतेक अधिकारी घोड्यांवर जीव टाकणारे. रणगाडा म्हणजे मागच्या युद्धातली एक कटकट, असं मानणारेच जास्त.

याच काळात तो क्वेट्टाच्या स्टाफ कॉलेजात शिकवत होता. तिथं एका विद्यार्थी अधिकाऱ्याच्या पत्नीवर, डोरोथियावर, त्याचं प्रेम बसलं. तिचा घटस्फोट झाला आणि १९२८ मध्ये दोघांनी लग्न केलं. आज यात कुणी फार काही बोलणार नाही, पण त्या काळच्या ब्रिटिश सैन्यात सहकाऱ्याच्या बायकोशी लग्न करणं म्हणजे मोठं पाप. क्लबात, मेसमध्ये वर्षानुवर्षं कुजबुज चालू राहिली. हॉबार्टला न आवडणाऱ्यांच्या हाती आयतं कोलीत मिळालं.

आणि न आवडणारे पुष्कळ होते. कारण गडी तोंडानं फटकळ. समोरचा वरिष्ठ असो की कनिष्ठ, चुकला की चारचौघांत सुनवायचा. हाताखालच्यांना अक्षरशः पिळून काढायचा. ज्यांना त्याच्याबरोबर काम जमलं, ते आयुष्यभर त्याचे भक्त झाले. ज्यांना जमलं नाही, ते वाट बघत बसले.

याच घरातला आणखी एक धागा म्हणजे हॉबार्टची बहीण बेटी. तिचा पहिला नवरा १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या मोहिमेत गेला होता. १९२७ मध्ये तिनं दुसरं लग्न केलं, ते बर्नार्ड माँटगोमरी या अधिकाऱ्याशी. हाच तो पुढचा फील्ड मार्शल माँटगोमरी. बेटी १९३७ मध्ये कीटकदंशानंतर झालेल्या विषबाधेनं गेली. पण मेहुण्यांचं नातं राहिलं, आणि १९४४ मध्ये ते कामाला आलं.

वाळवंटातली डिव्हिजन

१९३४ मध्ये ब्रिटनची पहिली टँक ब्रिगेड हॉबार्टच्या हाती आली. सॉल्सबरीच्या माळावर त्यानं तिला असं पळवलं की बघणारे चाट पडले. रणगाड्यांनी पायदळाच्या चालीनं रांगत जायचं नाही, वायरलेसवर हुकूम घेत वेगानं शत्रूच्या मागं जाऊन पडायचं, हा त्याचा सिद्धांत. ब्रिटिशांच्या या प्रयोगांवर जर्मनीतून हाइन्झ गुडेरियन बारीक लक्ष ठेवून होता. ब्रिटिश सेनापतींचं मात्र तितकंसं लक्ष नव्हतं.

सप्टेंबर १९३८ मध्ये युरोपात युद्ध पेटणार अशी चिन्हं दिसताच हॉबार्टला घाईघाईनं इजिप्तला पाठवलं. तिथं जे सैन्य मिळालं, त्यात कालपरवापर्यंत घोड्यावर बसणारी हुसार पथकं होती आणि जुने, थकलेले रणगाडे होते. त्या मोबाइल फोर्सला लोक चिडवून मोबाइल फार्स म्हणायचे. वरिष्ठांनी स्वागतही थंडच केलं.

वर्षभरात त्यानं या फार्सची डिव्हिजन बनवली. वाळवंटात खुणा नसताना दिशा कशी ओळखायची, विमानांपासून वाचायला रणगाडे कसे विखरून ठेवायचे, पेट्रोल-पाणी किती आणि कुठं पोचवायचं, हे सगळं त्यानं घोटून घेतलं. हीच पुढं जगभर गाजलेली ७ वी आर्मर्ड डिव्हिजन, डेझर्ट रॅट्स.

पण युद्ध सुरू होऊन तीन महिने होतात न होतात, तोच हॉबार्टचं वरच्या सेनापतीशी, जनरल विल्सनशी, फाटलं. विल्सननं तक्रार केली आणि मध्यपूर्वेचा सरसेनापती आर्चिबाल्ड वेव्हेल यानं त्याला पदावरून दूर केलं. हा वेव्हेल म्हणजे तोच, जो १९४३ ते १९४७ भारताचा व्हाइसरॉय होता. मार्च १९४० मध्ये हॉबार्ट सक्तीनं निवृत्त झाला.

वेव्हेलची बाजूही जरा ऐकली पाहिजे. हॉबार्टचं म्हणणं होतं की रणगाडे जवळपास एकट्याच्या बळावर लढाया जिंकतील. पायदळ आणि तोफखाना त्याच्या डोक्यात दुय्यम होते. ही समजूत चुकीची होती. १९४१-४२ मध्ये रोमेलच्या रणगाडाविरोधी तोफांवर ब्रिटिश रणगाडे एकटेच धावून जात आणि जळून खाक होत, त्यामागं याच विचारांची छाया होती, असं मानणारे इतिहासकार आहेत. म्हणजे हॉबार्टला काढण्यामागं फक्त जळफळाट होता, असं नाही. पण वाद घालणाऱ्याचं म्हणणं दुरुस्त करणं वेगळं आणि युद्ध चालू असताना त्याला घरी बसवणं वेगळं.

हॉबार्ट गेला आणि त्याची डिव्हिजन मागं राहिली. डिसेंबर १९४० ते फेब्रुवारी १९४१ या दोन-अडीच महिन्यांत तिनं आणि तिच्याबरोबरच्या पायदळानं इटलीची आख्खी १० वी आर्मी गिळली. सुमारे १ लाख ३० हजार कैदी. या मोहिमेत भारताची ४ थी डिव्हिजनही होती.

चर्चिलनं ओढून आणलं

लष्करी विषयांवर लिहिणारा लिडेल हार्ट हा हॉबार्टचा जुना दोस्त. ऑगस्ट १९४० मध्ये त्यानं एका वृत्तपत्रात लेख लिहून विचारलं की, देशातली चांगली डोकी अशी वाया का घालवताय? पंतप्रधान चर्चिलपर्यंत हे पोचलं. त्यानं हॉबार्टला भेटायला बोलावलं आणि मग लष्करप्रमुखांच्या मागंच लागला. माणूस भांडखोर आहे, त्याचं कुणाशी पटत नाही, अशी कारणं पुढं आली. चर्चिलचं म्हणणं होतं की सगळ्यांशी गोड वागणाऱ्यांनाच बढत्या द्यायला ही शांततेची वेळ नाही. चर्चिल स्वतःच अर्धं आयुष्य नकोसा माणूस म्हणून जगला होता, त्यामुळं त्याला हे दुखणं ठाऊक असावं.

१९४१ मध्ये हॉबार्टनं ११ वी आर्मर्ड डिव्हिजन उभी केली. ती लढायला परदेशी निघाली, तेव्हा डॉक्टरांनी त्याला तब्येतीवरून अडवलं. दुसऱ्यांदा तेच. घडवायचं यानं आणि लढायला न्यायचं दुसऱ्यानं.

दरम्यान एक भयंकर गोष्ट घडून गेली होती.

१९ ऑगस्ट १९४२ ला दोस्त सैन्यानं फ्रान्सच्या दिएप बंदरावर छापा घातला. सुमारे ६,००० माणसं, त्यातली ५,००० च्या आसपास कॅनडाची. सोबत नवाकोरा चर्चिल रणगाडा होता.

(इथं गोंधळ नको. पंतप्रधान चर्चिल वेगळा, रणगाडा चर्चिल वेगळा. रणगाड्याला त्याचं नाव दिलेलं.)

दिएपचा किनारा वाळूचा नव्हता, गोट्यांचा होता. ते गोटे रणगाड्यांच्या पट्ट्यांत अडकले. पट्टे निसटले, तुटले. काही रणगाडे पुढं गेले, पण शहरात शिरायच्या रस्त्यांवर काँक्रीटचे अडथळे होते. ते उडवायचं काम सॅपर्सचं. पाठीवर स्फोटकं घेऊन ती माणसं उघड्यावर धावली आणि अडथळ्यांपर्यंत पोचायच्या आतच मशीनगनच्या माऱ्यात पडत गेली. अडथळे तसेच राहिले, रणगाडे किनाऱ्यावरच गोल गोल फिरत राहिले. दुपारपर्यंत खेळ संपला. कॅनडाचे ९०० हून जास्त सैनिक मेले, दोन हजारांच्या जवळपास कैद झाले.

दिएपनं एक गोष्ट दाखवून दिली. सॅपरला त्याचं काम करायचंय तर त्याला चिलखताच्या आत बसवा.

मार्च १९४३ मध्ये लष्करप्रमुख ॲलन ब्रुक यानं हॉबार्टला बोलावलं. त्याची नवी ७९ वी आर्मर्ड डिव्हिजन साधनांअभावी मोडीत निघणार होती. ब्रुकनं वेगळाच प्रस्ताव ठेवला. जर्मनांची किनाऱ्यावरची तटबंदी फोडायला जे जे खास रणगाडे लागतील, ते सगळे या एका डिव्हिजनमध्ये आणायचे आणि ती हॉबार्टनं चालवायची. हॉबार्टनं आधी विचारलं की ही लढणारी डिव्हिजन असणार, की नुसती प्रयोगशाळा? लढणारी, असं उत्तर मिळाल्यावर, थोडा विचार करून, तो हो म्हणाला.

सतरंजी, मोळी आणि उडती कचरापेटी

आता जरा रणगाड्याकडे येऊ.

चर्चिल हा पायदळाचा रणगाडा. वजन जवळपास ४० टन, चिलखत जाड, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आसपास. पायदळासोबत चालायचं आणि वाटेतली मशीनगनची ठाणी चिरडायची, एवढंच त्याचं काम. सुरुवातीचे चर्चिल इतक्या घाईत बनले की, यात दोष आहेत आणि ते आम्हाला ठाऊक आहेत, असं सांगणारं पत्रक व्हॉक्सहॉल कंपनीनं माहितीपुस्तिकेतच घातलं होतं. पण चढ चढण्यात त्याचा हात कुणी धरत नव्हतं.

त्याची एक अडचण होती. तेव्हाच्या ब्रिटिश रणगाड्यांच्या तोफा शत्रूचा रणगाडा भेदण्यासाठी बनलेल्या. टणक गोळा जोरात मारायचा, बस. समोर खंदकात लपलेली माणसं किंवा पोत्यांआडची मशीनगन असेल, तर असा गोळा आरपार निघून जातो आणि आतले तसेच राहतात. तिथं फुटणारा गोळा हवा. म्हणून काही रणगाड्यांवर आखूड नळीची हॉवित्झर बसवली. चर्चिलच्या अशा प्रकारांवर ९५ मिलिमीटरची हॉवित्झर होती. ११ किलोच्या आसपासचा स्फोटक गोळा किंवा धुराचा गोळा फेकायचा आणि पायदळाला अगदी जवळून आधार द्यायचा. इंग्रजीत याला क्लोज सपोर्ट म्हणतात. डी-डेच्या दिवशी रॉयल मरीन्सकडे हीच हॉवित्झर लावलेले ८० सेंटॉर रणगाडे होते.

पण जाड काँक्रीटच्या भिंतीपुढं ही हॉवित्झरही अपुरी. तिथं सॅपरचा सुरुंगच पाहिजे. मग सुरुंगच फेकता आला तर?

दिएपनंतर कॅनडाच्या एका इंजिनिअर अधिकाऱ्यानं ही कल्पना मांडली आणि त्यातून एव्हीआरई जन्मला. चर्चिलची तोफ काढून तिथं पेटार्ड नावाची २९० मिलिमीटरची उखळी तोफ बसवली. तिचा बाँब १८ किलोचा, दिसायला डब्यासारखा. सैनिक त्याला उडती कचरापेटी म्हणायचे. पल्ला जेमतेम १०० मीटरचा, म्हणजे शत्रूच्या दारात जाऊनच मारायचा. आणि एक बाँब मारला की दुसरा भरायला आतल्या सैनिकाला झाकण सरकवून, हात बाहेर काढून तो नळीत ढकलावा लागायचा. गोळ्यांच्या वर्षावात. आत बसणारी माणसं सॅपर होती.

या एका रणगाड्यावर हॉबार्टच्या माणसांनी काय काय लादलं! खड्डा किंवा चर आला तर टाकायला आठ फूट जाडीची लाकडांची मोळी. भिंत आली तर टेकवायला लोखंडी पूल. पाय रुततील अशी जमीन आली तर अंथरायला कापडाची भलीमोठी गुंडाळी, बॉबिन. लग्नाच्या मांडवात सतरंजी उलगडतात, तशी ती रणगाड्याच्या पुढं उलगडत जायची आणि रणगाडा तिच्यावरून चालायचा.

ही सतरंजी कुणाच्या लहरीतून आली नव्हती. १९४३ च्या ३१ डिसेंबरच्या रात्री दोन ब्रिटिश सैनिक पोहत नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर गेले आणि जर्मन पहारेकऱ्यांच्या नाकाखालून वाळूचे नमुने घेऊन आले. वाळूखाली काही ठिकाणी मऊ चिकणमाती होती. तशीच जमीन नॉरफोकच्या ब्रँकास्टरला सापडली. तिथं रणगाडे रुतवून रुतवून उपाय शोधला गेला. सफोकमध्ये ऑरफर्डजवळची गावं रिकामी करून जर्मन तटबंदीच्या हुबेहूब प्रतिकृती उभारल्या आणि त्या पुन्हा पुन्हा फोडल्या.

भूसुरुंगांसाठी क्रॅब. शर्मन रणगाड्यापुढं फिरणारा रूळ आणि त्याला लावलेल्या ४३ साखळ्या. खळ्यावर धान्य झोडपतात तशी या साखळ्या जमीन झोडपायच्या आणि सुरुंग रणगाड्यापुढंच फुटायचे. काम करताना वेग ताशी दोन किलोमीटर. बैलगाडीसुद्धा पुढं जाईल. पण हे काम हातानं करायचं म्हणजे काय, हे आपल्या प्रेमिंद्रसिंग भगत यांच्यावरून कळतं. बॉम्बे सॅपर्सच्या या तरुण अधिकाऱ्यानं १९४१ च्या सुरुवातीला ॲबिसिनियाच्या मोहिमेत सलग चार दिवस, सुमारे ८८ किलोमीटरच्या वाटेवरची १५ सुरुंगक्षेत्रं मोकळी केली. गाडी त्यांच्याखाली उडाली, कानाचे पडदे फाटले, तरी थांबले नाहीत. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. क्रॅबचा अर्थ एवढाच, की असं काम करायला दरवेळी भगत लागू नयेत.

शिवाय पोहणारा रणगाडा होता. शर्मनभोवती कॅनव्हासचा पडदा, मागं दोन पंखे. मूळ कल्पना हंगेरीत जन्मलेल्या निकोलस स्ट्रॉसलरची. आणि क्रोकोडाइल होता. चर्चिलच्या मागं १,८०० लिटर ज्वालाग्राही इंधनाची गाडी जोडलेली आणि शंभरएक मीटरपर्यंत आगीचा लोट. या मगरीबद्दल कौतुकानं लिहवत नाही. तिनं पायदळाचे जीव वाचवले हे खरं, आणि समोरच्यांचं काय केलं हेही खरं.

या सगळ्या वरातीला नाव पडलं हॉबार्ट्स फनीज. गंमत बघा. पायदळाच्या चालीनं चालणाऱ्या रणगाड्यावर ज्यानं आयुष्यभर नाकं मुरडली, त्याचं नाव इतिहासात राहिलं ते अशाच रणगाड्यामुळं. वेगानं शत्रूच्या पिछाडीला जाणारी रणगाड्यांची फौज हे त्याचं स्वप्न होतं. हाती आलं ते पुन्हा सॅपरचं काम. खड्डे बुजवा, पूल टाका, भिंती पाडा, सुरुंग काढा.

६ जून

सकाळी साडेसातच्या आसपास गोल्ड, जुनो आणि सोर्ड या तीन किनाऱ्यांवर ब्रिटिश आणि कॅनेडियन सैन्य उतरू लागलं, तेव्हा सगळ्यात पुढं हे विचित्र रणगाडे होते. या मोहिमेतल्या भूदलाचं नेतृत्व मेहुण्याकडे, म्हणजे माँटगोमरीकडे होतं आणि त्यानं फनीजना पहिल्या लाटेत जागा दिली होती.

सगळं आखल्याप्रमाणं झालं असं मुळीच नाही. समुद्र खवळलेला. काही रणगाडे उतरताच बुडाले, काही वाळूत रुतले, काही तोफांनी फोडले. पण क्रॅबनी वाटा मोकळ्या केल्या, मोळ्या चरांत पडल्या, पूल भिंतींना टेकले. गोल्ड किनाऱ्यावर ल हामेल गावातलं ठाणं सकाळपासून दाद देत नव्हतं. दुपारी एका एव्हीआरईनं तिथल्या सॅनेटोरियमच्या इमारतीवर पेटार्ड डागले, तेव्हा कुठं ते पडलं.

अमेरिकन सैन्यानं यातले पोहणारे रणगाडे घेतले, बाकीचे त्या दिवशी त्यांच्याकडे नव्हते. ओमाहा किनाऱ्यावर एका बटालियननं २९ पोहणारे रणगाडे फार लांबून पाण्यात सोडले, त्यातले २७ बुडाले. तिथं दोन हजारांच्या वर सैनिक मेले किंवा जखमी झाले. फनीज असते तर हे टळलं असतं, असं सोशल मीडियावर बऱ्याचदा वाचायला मिळतं. इतकं सोपं ते नाही. ओमाहाच्या मागं उंच कडे होते आणि तिथली जर्मन फौजही अंदाजापेक्षा तगडी निघाली. पण तिथल्या इंजिनिअर्सना अडथळे उघड्यावर, हातानं उडवावे लागले, दिएपसारखेच, एवढं म्हणता येईल.

पुढं ७९ वी डिव्हिजन एकत्र अशी कधी लढलीच नाही. तिचे रणगाडे गरज पडेल तिथं वाटले जायचे. साठीला टेकलेला हॉबार्ट आघाडीवर फिरत राहायचा आणि आपले रणगाडे कुणी भलत्या कामाला जुंपत नाही ना, यावरून सेनापतींशी भांडत राहायचा. स्वभाव कुठं जातो? सप्टेंबर १९४४ मध्ये ल हावर बंदर ४८ तासांत पडलं, ११,००० हून जास्त जर्मन शरण आले. त्याआधीच्या बाँबफेकीत शहरातले सुमारे दोन हजार फ्रेंच नागरिक मेले होते, हेही त्याच हिशेबात धरावं लागतं. मार्च १९४५ मध्ये सैन्यानं ऱ्हाईन ओलांडली, तेव्हाही पाण्यातून चालणाऱ्या गाड्या याच डिव्हिजनच्या होत्या.

ऑगस्ट १९४५ मध्ये डिव्हिजन विसर्जित झाली. १९४६ मध्ये हॉबार्ट पुन्हा निवृत्त झाला, यावेळी सर पर्सी म्हणून. नंतर पाच वर्षं त्यानं लंडनच्या चेल्सी रॉयल हॉस्पिटलमध्ये, म्हाताऱ्या सैनिकांच्या आश्रमात, लेफ्टनंट गव्हर्नर म्हणून काम केलं. १९ फेब्रुवारी १९५७ ला तो गेला.

त्या जातीचे रणगाडे बघायला फार लांब जायला नको. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात चर्चिल आहे आणि साखळ्यांचा शर्मन क्रॅबही आहे.

एक एव्हीआरई मात्र नॉर्मंडीतच राहिला. वन चार्ली त्याचं नाव. ६ जूनच्या सकाळी जुनो किनाऱ्यावर ग्राये-सुर-मेरजवळ तो मोळी घेऊन पुढं निघाला आणि पाण्यानं भरलेल्या खोल खड्ड्यात घसरून जवळपास आख्खा बुडाला. आतले सॅपर बाहेर पडले, आडोशाला पोचले आणि तिथं उखळी तोफेचा गोळा पडून त्यातले काही जण जागीच गेले. मागून येणाऱ्यांना थांबायला वेळ नव्हता. त्यांनी बुडालेल्या रणगाड्याच्या पाठीवरच पूल टेकवला, खड्ड्यात आणखी मोळ्या टाकल्या आणि किनाऱ्यावरून आत जायची वाट सुरू झाली. त्यावरून फौज गेली, ट्रक गेले, रणगाडे गेले. युद्ध संपलं, वर रस्ता तसाच राहिला. १९७६ मध्ये तो रणगाडा खोदून बाहेर काढला, तेव्हा त्याला जमिनीखाली बत्तीस वर्षं झाली होती. आता तो तिथंच, किनाऱ्यापासून काही पावलांवर उभा आहे.